हौसाची चार वाजताची भाकरी

शिवणक्लासात चिंध्या आणि किस्से न मागता साठतात. चिंध्यांच्या मी गोधड्या केल्या. किश्शांचं काय करावं ते अजून कळत नाही. कोळशाच्या इंजिनांचे दिवस होते. दौंडच्या रेल्वे कॉलनीत दुपारी एक ते चार माझा क्लास चाले. दोन मशिनी, आठ-दहा बायका आणि सगळ्यांची तोंडं एकदम चालू! त्यातले निम्मे किस्से हौसाचे.

हौसा फायरमनची बायको, माहेर कवठे येमाई. तिची चार वर्षांची लेक मंदी घटसर्पानं गेली. दुःखी माणूस वाळतं, असा तेव्हा सगळ्यांचाच समज. हौसा मात्र सुटत गेली. दर दोन-तीन महिन्यांनी तोच ब्लाऊज घेऊन यायची. "बाई, एक शिवण उसवा."

चौथ्या वेळी मी म्हणाले, "हौसा, आता उसवायला शिवणच उरली नाही गं!"

"मग बाह्या कापा आन् बगलंत जोडा. मी काय कुठं मिरवायला जाती व्हय?"

*

वर्षभरानं तिची आत्या कवठ्याहून भेटायला आली. पदर डोळ्यांना लावूनच दारात शिरली. हौसाला पाहिलं आणि पदर खाली आला. "आगं, मला वाटलं झुरून काडी झाली आसशील. तू तर चांगली भरलीस की!"

हौसा म्हणाली, "व्हय आत्या, रडायला ताकद लागती!"

क्लासात तिनं हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्या हसलो. तीही हसली.

*

रात्री झोप नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, असं ती म्हणायची. म्हणून मी तिला डॉक्टरांकडे नेलं. बरोबर क्लासातल्या हमीदाभाभी होत्या, अंगानं काटकुळ्या. त्यांना नुसता खोकला होता. डॉक्टरांनी भाभींना विचारलं, "मनाला काही लागलंय का?" आणि टॉनिकची बाटली दिली. हौसाला काट्यावर उभं केलं. म्हणाले, "तुम्हाला काय धाड भरलीय! रोज स्टेशनपर्यंत चालत जा."

बाहेर येताच भाभींनी बाटली हौसाच्या पिशवीत टाकली. "तू घे गं. माझ्या मनाला काय बी लागलं न्हाई!"

*

हौसा खरंच स्टेशनवर जाऊ लागली. बाकावर बसून गाड्या बघायची. तिसऱ्या दिवशी तिकीट तपासनिसानं अडवलं. "बाई, तिकीट? कुठं जायचंय?"

"कुठं न्हाई. बारीक व्हायला आलीया."

त्यानं पुन्हा कधी तिकीट मागितलं नाही!

*

चैत्रातल्या हळदीकुंकवाला गार्डसाहेबांची बायको हौसाला पाहून हरखलीच. "सांगितलं नाहीस गं!" म्हणत तिनं नारळानं ओटी भरायला घेतली. कॉलनीत ती नवीन होती. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

हौसानं शांतपणे पदर पसरला. "वहिनी, पोटात काय न्हाई. पर नारळ ऱ्हाऊ द्या, चटणी करती."

*

शेवटी मीही तिला तेच सांगितलं, जे सगळे सांगत होते. "थोडं कमी खा गं."

सुई ओवता ओवता ती थांबली. "बाई, मी एकदाच जेवती. पर चार वाजलं की मंदीची दूध-भाकरी कुस्करायला हात जातोच. तिच्याच वाटीत, गूळ घालून. टाकवत न्हाई, कुत्र्याला घालवत न्हाई. मग मीच खाती. आन् खाल्ली की वाटतं, तिला पुरली नसंल. आनखी कुस्करती."

दुसऱ्या दिवशी चारला मी क्लासला कुलूप लावलं आणि तिच्या घरी गेले. ती वाटी घेऊन चुलीपुढं बसली होती. मी शेजारी पाट ओढला.

"अर्धी मला दे."

तिनं उठून दुसरी वाटी काढली. तेव्हापासून मी रोज चारला जाऊ लागले. कधीकधी हमीदाभाभीही यायच्या.

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस हौसा सगळ्यांच्या आधी क्लासात आली. मला खालून वर न्याहाळलं. माझ्या गळ्यातली टेप काढून घेतली आणि म्हणाली,

"हात वर करा, बाई. आज तुमची शिवण मी उसवती!"