सुतळीचं माप आणि चिखलदऱ्याचा घाट

"चिखलदऱ्याला निघालोय, घाटासाठी गाडीला रुंद टायर टाकू का?" असं एका वाचकाने विचारलंय. याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण मला एका ओळीत बोलता येत नाही हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे, तेव्हा पाणी पिऊन बसा.

त्रेसष्ट-चौसष्टचा हिवाळा असेल. मी वीस वर्षांची होते. आम्ही अकोल्यात राहायचो आणि बाबा कापसाच्या एका जिनिंगमध्ये मिस्त्री होते. आजोबा बार्शीटाकळीला बैलगाडीच्या चाकांवर धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवायचे. बाबांनीही पोरवयात तेच केलं होतं. पुढे कुठून तरी एक हिरवी, दोन दारांची विलायती गाडी त्यांनी भंगारातून आणली, दोन वर्षं खपून चालती केली आणि मला चालवायला शिकवली. अख्ख्या मोहल्ल्यात तेव्हा बाई माणूस सायकलवरही दिसत नसे.

मग एका सकाळी गाडी सुरू करायला पुढचं लोखंडी हँडल फिरवताना ते झटक्याने उलटं फिरलं आणि बाबांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण स्टिअरिंग ओढण्याची ताकद काही परत आली नाही. तेल्हाऱ्याचे एक पाटील गाडी विकत घ्यायला तयार झाले. सोमवारी न्यायला येणार होते. मी म्हटलं, "मी चालवते ना बाबा, कशाला विकता?"

"अकोल्याच्या सडकेवर कोनीबी चालवते," बाबा म्हणाले. "चिखलदरा चढून उतरून दाखव. मंग नाई विकत."

शुक्रवारी पहाटे निघालो. मागच्या सीटवर माय, तिच्या मांडीवर रोडग्यांचं, म्हणजे विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, गाठोडं. हँडलला हात लावायची मला सक्त मनाई होती, म्हणून मायने आणि शेजाऱ्यांनी ढकलून गाडी सुरू केली. माय धावत येऊन आत बसली आणि मूर्तिजापूरपर्यंत धापा टाकत बाबांना बोल लावत राहिली.

तो रस्ता अजूनही माझ्या स्वप्नात येतो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिच्यावर फुटलेला कापूस, मध्ये धुक्यात अर्धी बुडालेली बाभळीची झाडं. कापसाच्या बंड्या ओळीने चाललेल्या, गाडीवान झोपलेले, बैल आपल्या मनाने चाललेले. आम्हीही ताशी वीस मैलांच्या वर जात नव्हतो, कारण टायर साफ गुळगुळीत झाले होते. मला वाटत होतं, असंच जात राहावं आणि सोमवार येऊच नये.

अमरावतीला टायरच्या दुकानासमोर गाडी लावली. बाबांनी खिशातून सुतळीचं भेंडोळं काढलं. घरी त्यांनी जुन्या टायरभोवती सुतळी फिरवून, जिथे टोक येऊन मिळालं तिथे खुणेची गाठ मारून आणली होती. धावेचं माप असंच घेतात. त्यांनी ती सुतळी दुकानदाराच्या हातावर ठेवली.

दुकानदार पोट धरून हसला. "मिस्त्री, बंडीची धाव घ्याले आले का तुमी? टायर नंबरानं भेटते, सुतळीनं नाई!"

बाबांचा चेहरा उतरला. जिनिंगमध्ये इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस, पण सुतळी गुपचूप खिशात घालून एखाद्या चुकलेल्या विद्यार्थ्यासारखा उभा राहिला. मला त्या दुकानदाराचा असा राग आला म्हणता!

त्याने बाहेर काढलेले टायर मात्र देखणे होते. चांगले जाडजूड, खोल खाचांचे. "घाटात असे चिकटते की विचारू नका. तुमचं चाक सतरा इंचाचं, हे टायर बी सतराचे. बसलेच समजा." बाबा त्या खाचांवरून बोटं फिरवत राहिले. त्यांचा जीव तिथेच अडकला. खरं सांगते, माझाही अडकला होता. तसे टायर लावलेली आमची हिरवी गाडी मी मनातल्या मनात अकोल्याच्या बाजारातून फिरवूनही आणली.

पण दुकानदाराचं हसणं मनात खुपत होतं. मी म्हटलं, "बाबा, सुतळी द्या."

"राहू दे व. काहून हसं करून घेतं अजून?"

मी हात पुढेच ठेवला. त्यांनी दिली. मी ती नव्या टायरभोवती गुंडाळली, तर टोक गाठीपर्यंत पोचेचना. मध्ये चार बोटं जागा उरली. दुकानदार म्हणाला, आतलं भोक सतराचंच आहे, बाहेर वाढलं तर काय बिघडलं? बाबा मात्र एकदम ताठ झाले. "एक चाक चढवून पाहू," ते म्हणाले.

पुढचं एक चाक चढवलं. बसलं छान. स्टिअरिंग पूर्ण वळवलं, कुठे लागलं नाही. दुकानदार जिंकल्यासारखा बघायला लागला. तेव्हा बाबा म्हणाले, "रिकाम्या गाडीचं काय पाहता? घाट काय रिकाम्यानं चढाचा हाय? बसा आत!" मग माय बसली, दुकानातला जाडा गिऱ्हाईक बसला, शेजारचा पानवाला बसला आणि शेवटी दुकानदारालाही बाबांनी कोंबलं. गाडी खाली दबली. मी स्टिअरिंग वळवलं, आणि टायर मडगार्डला असा घासला की माय "बाप्पा वं!" म्हणून ओरडली. घाटातल्या पहिल्याच नागमोडी वळणावर हे झालं असतं.

दुकानदार उतरला तो थेट माळ्यावर चढला. धुळीत पडलेले चार बारके टायर त्याने खाली दिले. बाबांनी नखाने रबर दाबून पाहिलं, मेलेलं नव्हतं. सुतळी फिरवली. टोक गाठीपाशी येऊन भेटलं. दुकानदार म्हणाला, "मिस्त्री, तुमची सुतळी माह्या नंबरापेक्षा शहाणी निंगाली." बाबा हसले नाहीत, पण नंतर आलूबोंडे खाताना दोन जास्त मागवले.

अमरावतीत मावशीकडे मुक्काम करून शनिवारी परतवाड्याकडे निघालो. तिथे पेट्रोल भरून घ्या, पुढे भरवसा नाही, हे तेव्हाही खरं होतं. संत्री घेतली, आणि घाट सुरू झाला. सागाची मोठमोठी पानं रस्त्यावर पडलेली, त्यांच्यावरून टायर जाताना चुरचुर असा बारीक आवाज येई. प्रत्येक वळणावर मी कान देऊन ऐकत होते. कुठे घासलं नाही. बारके टायर गुमान रस्ता धरून चालत होते. वर पोचलो तेव्हा धुकं उतरत होतं. कॉफीच्या झुडपांमधून फिरलो, दरीच्या काठावर बसून गार रोडगे ठेच्याबरोबर खाल्ले. समोर दरी होती की आभाळ, ते कळत नव्हतं. मी फार सुखात होते.

रविवारी सकाळी उतरायला लागलो. चढण्यापेक्षा उतरणं अवघड असतं, हे नव्या चालकांनी लिहून ठेवावं. खालच्या गिअरवर, ब्रेकवर सारखा पाय न देता. पहिल्या वळणानंतर मी बाजूला पाहिलं, तर बाबा झोपलेले! डोळे मिटलेले, डोकं मागे टेकलेलं. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत हा माणूस कधी पापणी मिटत नसे. मला इतका धीर आला की मी पुन्हा त्यांच्याकडे पाहिलंच नाही. वळणामागून वळण आलं आणि गेलं. परतवाडा आलं तेव्हा ते जागे होऊन म्हणाले, "आलो का?"

संध्याकाळी अकोल्यात पोचलो. मी बाबांच्या हातावर पाणी घालत होते. त्यांच्या धड हाताच्या तळव्यावर लालभडक वळ उठले होते, पिळाचे ठसे दिसावेत इतके खोल. सुतळी मुठीभोवती आवळून ते सगळा घाट उतरले होते.

"बाबा, तुम्ही तर झोपले होते ना?"

"हो तं," ते म्हणाले. "पानी घाल."

मागून माय म्हणाली, "झोपले कायचे! मी पाहून रायली होती ना. डोये मिटले होते फकस्त, तू घडीघडी यांच्याकडे पाहू नये म्हनून."

सोमवारी तेल्हाऱ्याचे पाटील आले. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "पाटील, गाडी नाई विकत आता. टायर मापाचे भेटले, अन् डायवरबी भेटला."

तर वाचकहो, टायर बदलायचे असतील तर आतला नंबर बघा, बाहेरचा घेर मोजा आणि चार माणसं बसवून स्टिअरिंग पूर्ण वळवा. सुतळी लागली तर माझ्याकडे आहे. बाबांनी मारलेली गाठ मी अजून सोडलेली नाही.