शेवटचं कधी प्यायले?

“दारू मागतंय अंग. सांडोर गावचे ना, संध्याकाळी लागतेच यांना.”

पडद्यापलीकडे एक सिस्टर दुसरीला सांगत होती. मी वसईच्या एका छोट्या हॉस्पिटलात आरएमओ आहे, म्हणजे मोठे डॉक्टर नसताना वॉर्ड सांभाळणारी. डबल ड्युटी चालू होती. बोलायचा कंटाळा मला एरवीही असतो.

पेशंट पास्कलकाका. परवा त्यांच्या बाइकला टेम्पोने उडवलं, दोन्ही मांड्यांची हाडं मोडली. काल केळ्यांच्या भावावर गप्पा मारणारा माणूस आज दुपारी बायकोला ओळखत नव्हता. सलाइन उपटत होता.

ऑर्थोच्या सरांना फोन केला.

“अगं, रोज पिणारा आहे. दारू तुटली की दोन-तीन दिवसांत असं होतंच. झोपेचं इंजेक्शन दे, हात बांध.”

“ओके सर.”

इंजेक्शन भरलं. काकांची बायको, फिलोमिनामावशी, कॉटला टेकून उभी होती. तिला सहज विचारलं, “शेवटचं कधी प्यायले?”

“आता कुठं, बाय? उपवासकाळ ना चाललाय. राखेच्या बुधवारपासून थेंब नाय. ईस्टरला काढतील सगळं भरून.”

ख्रिस्ती उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो, तो राखेचा बुधवार होऊन महिना उलटला होता. दारू सोडल्याचा त्रास इतक्या उशिरा सुरू होत नाही.

सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. ऑक्सिजन पाहिला, बराच खाली. काखेत, छातीवर बारीक लाल ठिपके. मोठं हाड मोडलं की त्याच्या आतली चरबी रक्तात सुटू शकते. ती फुफ्फुसात अडकते, कधी मेंदूतही. फॅट एम्बोलिझम. अशात झोपेचं इंजेक्शन दिलं तर श्वास आणखी मंदावतो आणि मेंदू बिघडतोय हे कळतही नाही.

मास्क लावला, पुन्हा फोन लावला.

काका वाचले, हे आधीच सांगते. यावर नेमकं औषध नाही. व्हेंटिलेटर, आणि वाट पाहणं. मावशीला ओळखायला त्यांना बरेच दिवस लागले. नातवंडांची नावं अजून चुकतात. मी आता पेशंटला ‘पिता का’ एवढंच विचारून थांबत नाही.

त्या दुपारी सर ओपीडीत पेशंट तपासत होते, फोनवर वैतागले. “दिलंस का इंजेक्शन?”

सरांशी बोलण्याआधी अदबीचं वाक्य मनात इंग्रजीत जुळवायची मला सवय. तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

“नाही दिलं सर, आणि देणारही नाही. काकांना आयसीयूत हलवतेय. ओपीडी सोडून या.”