शेवटची वीस पानं

सोपानआप्पांची शाळा सातवीला सुटली, वाचन काही सुटलं नाही. केडगावच्या कांदा बाजारात तीस वर्षं तोलारकी केली, पण काट्यावर पोतं चढवताना डोक्यात घोळत असायचा तो विलायतेतला खून. दौंडच्या वाचनालयातून मराठीत आलेली इंग्रजी रहस्यकथा आणायची आणि गुन्हेगार सापडेपर्यंत भाकरीकडं लक्ष नाही. एक मोठी कोठी, बाहेर धुकं, आत आठ माणसं, त्यातलं एक मेलेलं. उरलेल्या सातांत कोण?

"आपल्या भावकीवानीच हाय की," ते म्हणायचे. "समदे गोड बोलत्यात, आन् समद्यांचा डोळा एकाच इस्टेटीवर."

एवढं वाचूनही त्यांनी धरलेला खुनी कधी खरा निघाला नव्हता, हे दुखणं मात्र ते कुणाला सांगत नसत.

गेल्या माघात मोतीबिंदू काढला आणि डॉक्टरांनी आठ दिवस वाचन बंद केलं. नेमकी वीस पानं राहिलेली. कोठीच्या म्हाताऱ्या मालकाला कुणीतरी विष घातलेलं, आणि आप्पांचा संशय वकिलावर. या खेपेला तो चुकणार नाही अशी खात्री होती. काळा चष्मा लावून ते ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले. बसवेना, झोपवेना. शेवटी बायकोला म्हणाले, "रतन, एवढी वीस पानं वाचून दाव."

रतनबाईंनी हात धुतले, पुस्तक पाटावर ठेवलं आणि पहिलं पान उघडलं.

"आगं, तिथनं न्हाई. शेवटाकडनं."

"पोथी कुनी मधनंच उघडतं व्हय? आन् रोज एकच अध्याय. घाई आसंल तर गप पडा."

जन्मभर श्रावणात पोथ्या वाचलेली बाई, तिनं या पुस्तकालाही तोच कायदा लावला. आवाज खणखणीत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या साळूबाई सोलायचा लसूण सुपात घेऊन येऊन बसल्या, तिसऱ्या दिवशी कस्तुराबाई. बायका रंगून ऐकायच्या आणि आप्पा पाठ झालेली वाक्यं ऐकत खांबाला पाठ घासायचे.

चौथ्या दिवशी म्हाताऱ्याच्या बहिणीला तार जाते, तो अध्याय झाला. साळूबाईंनी लसणाची पाकळी सुपात टाकली.

"मला घावला तुमचा खुनी."

साळूबाईंना सहीसुद्धा येत नाही.

"नाव घ्यायचं न्हाई," आप्पा गुरकावले.

"न्हाई घेत. तुम्हीच सांगा की, इतकी बुकं वाचलीत."

झालं. आता खुनी राहिला बाजूला, साळूबाईला कळलं आणि आपल्याला नाही हेच टोचायला लागलं. आप्पा कॅनॉलपर्यंत जायचे, परत यायचे, परत जायचे. सहाव्या दिवशी मान खाली घालून साळूबाईंच्या गोठ्यात जाऊन उभे राहिले.

"कोन?"

"बहीन."

"ती तर लांब दुसऱ्या गावाला होती."

"आसंल. पन तारेत नुसतं 'लगेच निघा' म्हणलेलं. आपल्यात मानूस गेलं तरी 'तब्येत जास्त हाय, या' असाच निरोप धाडत्यात ना? ऐकनारा आदी इचारतो, कुनाची? त्या घरात नव्वदीची आई अंथरुनाला खिळलेली. कुनाचाबी जीव आईकडंच जाईल. ही बाई भावाचं नाव घेऊन रडाया लागली. हिला कसं ठावं?"

आप्पा गव्हाणीच्या कडेवर बसले. ते पान त्यांनी एकदा वाचलं होतं, एकदा ऐकलं होतं.

तरी साळूबाईचं खरं कशावरून? पुढचे दोन दिवस त्याच घोरात गेले. शेवटचा अध्याय आला तेव्हा आप्पा ओसरीच्या पायरीवर उठत होते, बसत होते. मुरांब्याची बरणी टपालानं आली होती, तिच्यातच विष होतं, आणि बरणी धाडली होती बहिणीनं. रतनबाईंनी पुस्तक मिटून हात जोडले.

"म्यां वकील धरला हुता," आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत आपली चूक कबूल केली.

"तुम्ही वकीलच धरनार, आप्पा," साळूबाई सूप पाखडत म्हणाल्या. "बांधाच्या केसपायी तेरा वर्सं वकील पोसलात."