पार्सल चहा

टेमघरला कॉफीचं नवीन दुकान झालंय. परवा लेक मला तिथं घेऊन गेली. कॉफी चहाच्या काचेच्या ग्लासात आली. बोटांना चटका बसला आणि कारखान्यासमोरचं हॉटेल आठवलं.

तेव्हा मी आणि माझी जाऊ सुशीला कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचो. एकदा शिफ्ट सुटल्यावर ती सरळ हॉटेलात शिरून बाकड्यावर बसली. मी तिच्या कडेला, पदर आवळून. आल्याचा वास सुटला होता.

मालक हसत म्हणाला, "वहिनी, पार्सल बांधतो, घरी जाऊन प्या. इथं पुरुष माणसं बसतात."

"घरी रोज मीच करते," सुशीला म्हणाली. "इथं दुसऱ्यानं केलेला प्यायला आलेय."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "मग उद्या पत्ते खेळायला पण या."

मी उठले आणि तिला हाताला धरून बाहेर ओढलं.

तेव्हा वाटलं, मालक सभ्य, वहिनी म्हणाला. आता त्या गोड आवाजाचाच संताप येतो. आणि माझा त्याहून जास्त. रस्त्यात सुशीला एवढंच म्हणाली, "तू बसली असतीस तर मी प्यायले असते." परत तिनं मला कधी चल म्हटलं नाही.

परवा शेजारच्या टेबलावर दोन पोरी रिकामे ग्लास पुढ्यात घेऊन कितीतरी वेळ खिदळत होत्या. त्यांना कुणी उठवलं नाही.

"आई, संपली ना? निघू या," लेक म्हणाली.

"सुशीलाकाकीला फोन लाव," मी म्हणाले. "म्हणावं, ये. मी बसलेय इथं, उठणार नाही."