पाचव्या माळेला मी देवीकडं वाईट मागितलं

लिहू की नको करत तीनदा पुसलंय, आता एका दमात टाइप करते, चुकलं तर सांभाळून घ्या. गेल्या पावसाळ्यात मला खालच्या जागी फोड आले. आग अशी की लघवीला जायची भीती वाटायची, वरून ताप. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, जननांगाचा हर्पिस आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहतो, लग्न होतं, लेकरं होतात, फक्त जोडीदाराला खरं सांगायचं. पण माझ्या कानात एकच वाक्य राहिलं, की हा विषाणू अंगातून जात नाही. ज्याच्यावर दोन वर्षं जीव लावला त्यानं तर फोन उचलणंच बंद केलं. आजीनं लहानपणापासून हात जोडायला शिकवलेले, पण तेव्हा वाटलं की समोर कुणी नाहीच, आपण उगीच भिंतीशी बोलतोय.

आणि नेमकं तेव्हाच प्रियंकाचं स्थळ आलं. प्रियंका माझी मावसबहीण, बजाजनगरात आम्ही एकाच खोलीत राहतो, वाळूजला कामाला. मुलगा फुलंब्रीकडचा, शेती आहे, नोकरी आहे, दिसायला पण बरा. पसंती झाली होती, फक्त त्यांच्याकडून पक्का होकार यायचा होता. ती दिवसभर गुणगुणायची आणि मी जळायचे. लई जळायचे! तिच्या मानेला डास चावला, दुसऱ्या दिवशी डाग गेला, मला त्याचा पण राग आला. हिच्या अंगावरचं सगळं जातं आणि माझ्याच अंगावरचं राहतं, असं वाटायचं.

नवरात्रात तिनं कर्णपुऱ्याच्या देवीला नऊ दिवस अनवाणी जायचं धरलं. पहाटे स्टेशनपर्यंत रिक्षा, तिथून पायी. मी नाही म्हटलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं, म्हणून मी पण चपला सोडल्या. ती डोळे मिटून म्हणायची, आई, जमू दे. मी शेजारी उभं राहून म्हणायचे, आई, मोडू दे. रोज. तोच हार, तोच नारळ, आणि मनात हे.

पाचव्या माळेला फोड परत उठले. रांगेत पाय टाकवेना, कपडा घासला की डोळ्यात पाणी. प्रियंकाला म्हटलं तू हो पुढं, मला चक्कर आल्यासारखं होतंय, आणि रांगेतून बाहेर पडले. एका बंद दुकानाच्या फळीवर एक मावशी बसल्या होत्या, कपाळभर मळवट, मांडीवर डबा. मी कशी चालतेय ते बघून त्यांनी हाताला धरून बसवलं. म्हणाल्या, "अंग दुखतंय का जीव दुखतोय गं?"

मला काय झालं माहीत नाही, अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं. कुठं राहते ते, रोगाचं नावसुद्धा. त्यांनी ना तोंड फिरवलं ना जागा सोडली. डब्यातली साबुदाण्याची खिचडी एक चमचा मला दिली, त्याच चमच्यानं स्वतः खाऊ लागल्या. मी ओरडलेच, "मावशी, उष्टा चमचा!"

"असं नाय पसरत ते, येडे. वीस वर्षं गावात आशा सेविकेचं काम केलंय मी. माझ्या बघण्यात चार जणी हायत असल्या, चारीचे संसार चाललेत. पाप नाय, रोग हाय."

मी रडत होते आणि खात होते. इतक्यात त्यांनी सहज विचारलं, "बजाजनगरात ऱ्हातीस म्हणं? आमच्या भाच्याला तिथली एक पोरगी बघितलीय. प्रियंका नाव, वाळूजला कामाला. वळखतीस का? कशी हाय?"

आपल्याकडं होकार द्यायच्या आधी आजूबाजूला अशी चौकशी होतेच, आणि एखाद्या शब्दावर सोयरीक मोडते. 'तशी बरी आहे, पण...' एवढं बोलून गप्प बसलं तरी पुरतं. पाच दिवस जे मागितलं ते देवीनं माझ्या जिभेवर आणून ठेवलं होतं. तो 'पण' ओठापर्यंत आला, शप्पथ. पण ज्या बाईनं माझा चमचा तोंडात घातला तिच्याशी खोटं बोलायला तोंड उघडेना. मी म्हटलं, "लई चांगली आहे. घोरते तेवढी." आणि मग लक्षात आलं, या मावशींना तर माझं सगळं कळलंय! "मावशी, ती माझी मावसबहीण आहे. माझ्यामुळं तिचं मोडू नका."

त्या हसल्या. "माझ्या पोटात अख्ख्या गावाची गुपितं हायत, तुझं काय जड नाय. घोरण्याचं मात्र भाच्याला सांगावं लागंल."

दसऱ्याला होकार आला. मावशींनी मला दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंकडं नेलं, आता मी महिन्यातून एकदा जाते, तिथं माझ्यासारख्या अजून दोघी भेटल्यात, एकमेकींना फोन करतो. प्रियंकाला सांगायला मला दिवाळी उजाडली. ती म्हणाली, "म्हणून तू साबण वेगळा ठेवतीस व्हय? मला वाटलं महागाचा आहे म्हणून लपवतीस!" आणि मिठी मारून रडली. मी तिला माझं मागणं पण सांगितलं. दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी चहा ठेवून उठवलं.

ती देवी होती का, योगायोग होता, मी वाद घालत नाही. एवढंच कळलं की मी मागितलेलं तिनं हातात दिलं आणि सोडायची बुद्धीपण तिनंच दिली. जळणं काही गेलं नाही हो. हळदीला प्रियंकाचं पिवळं तोंड बघून परत जळलेच. त्या आजारासारखंच आहे ते, मधूनच उठतं. पण आता लपवत नाही, देवीच्या पायाशी ठेवते आणि म्हणते, आई, हे पण तुझंच, तूच सांभाळ.