कुसुमताईची प्लेट

माझी थोरली बहीण कुसुम आयुष्यभर भाकरी दुधात कुस्करून खात आली. बुरहानपूरच्या लोधीपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत तिने चौतीस वर्षं शिकवलं, पण तिला हसताना फार थोड्या जणींनी पाहिलं. हसू आलं की तोंडावर पदर. लोक म्हणत, बाई फार गंभीर. डोंबलाची गंभीर! घरात सगळ्या मास्तरणींच्या नकला करून ती मला हसवून हसवून लोळवायची.

तिचे वरचे दात खालच्या दातांना पार झाकून टाकत. खालचे दात टाळूत रुतत आणि तिथे कायम जखम असे. ती चौदा वर्षांची झाली तेव्हा बाबा तिला दातांच्या डॉक्टरकडे इंदूरला घेऊन गेले. सत्तावन्न साल होतं. आदल्याच वर्षी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या होत्या. नागपूर सुटलं, इंदूर आपल्यात आलं. "आता इंदूर आपलंच झालं," असं म्हणत बाबांनी खंडव्याला गाडी बदलली.

डॉक्टरांनी टाळूला बसेल अशी लाल प्लास्टिकची प्लेट करून दिली. समोरचे खालचे दात तिच्यावर टेकायचे आणि मागचे दात अधांतरी राहायचे, म्हणजे ते हळूहळू वाढून एकमेकांना भिडतील आणि समोरच्या दातांची मिठी सुटेल. जेवतानाही काढायची नाही. धुवायची ती थंड पाण्यानेच. ताईचं बोलणं बोबडं झालं, वर्गात पोरी चिडवायला लागल्या. पहिला आठवडा तर ती नुसत्या केळ्यांवर जगली. पण पाचव्या महिन्यात मला उजेडात ओढून तिने मोठा आ केला. "सुनी, बघ. जखम नाही." तिचा तो चेहरा मला अजून दिसतो.

मग बाबांचे काका वारले. सुतक फिटलं त्या सकाळी आईने घर धुऊन काढलं, भांड्यांवर उकळतं पाणी ओतलं. ताई न्हाणीत होती, धुवायला काढलेली प्लेट वाटीत होती. तोंडातली वस्तू, त्यात सुतकातली. आईने तिच्यावरही पाणी ओतलं आणि पदराने पुसून ठेवली. मी नऊ वर्षांची, शेजारी बसून बघत होते.

प्लेट वाकली. ताईने ती तोंडात घातली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती आईला म्हणाली, "बसली." बाबांचा हात आईवर कशावरूनही उठायचा. ताईने मला कोपऱ्यात नेऊन, पाण्याचं कोणाला सांगायचं नाही, अशी स्वतःच्या गळ्याची शपथ घातली.

तीन महिने ती वाकडी प्लेट घालून वावरली. आज बसेल, उद्या बसेल. टाळू पुन्हा सोलली. इंदूरला डॉक्टरांनी विचारलं, "गरम पाण्यात कोणी घातली?"

"मी," ती म्हणाली. बाबांनी तिथेच तिच्या थोबाडीत मारली. "जिले एक सांभाळता येत नाही, तिले दुसरी कशाले?" उपचार तिथेच संपले.

पुढची चाळीस वर्षं आई तिला तेच ऐकवत राहिली. स्थळ परत गेलं की, ती भाकरी कुस्करायला बसली की, पाहुण्यांच्या देखत. "एवढी चांगली प्लेट, पोरीने आपल्या हाताने घालवली." ताई मान डोलवायची. बाबा गेल्यावर मी म्हटलं, आता तरी सांग. "आता कशाले?" म्हणाली.

पंचाहत्तरीला आईला कवळी लागली. ती रोज ताईच धुवायची. एकदा मी माहेरी असताना आई खाटेवरून म्हणाली, "पाणी गरम नको करू बाई. तुले तर माहीतच आहे." आणि हसली. माझं डोकं फिरलं. मी सगळं बोलून टाकलं: सुतक, वाटी, उकळतं पाणी, शपथ.

आई खाटेवर उठून बसली. मग तिने विचारलं, "कुसुम, खरं आहे?" ताई कवळी पुसत राहिली.

त्या दिवसानंतर आईने कवळी तोंडात घातली नाही. दोन वर्षं जगली. ताई दोघींची भाकरी एकाच वाडग्यात कुस्करायची. माझ्यावर ती रागावली नाही, त्या विषयावर बोललीही नाही. आई गेली, तिच्या तेराव्यानंतर, भांडी आवरताना, एवढंच म्हणाली, "चाळीस वर्षं सांभाळलं होतं मी, सुनी. तुले काय भेटलं?"