फुकटचा फळा

माझ्या भाचीला घरात सगळे खटपट म्हणतात. आठ महिन्यांपूर्वी तिनं ऑफिसातली चांगली नोकरी सोडली आणि बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "आत्या, मी आता फ्रीलान्स मार्केटिंग करणार." दुसऱ्यांची दुकानं चालावीत म्हणून ही आपलं डोकं चालवणार, एवढं मला कळलं. डोकं आहेच तिला. फक्त स्वतःच्या कामाचे पैसे सांगायची वेळ आली, की तोंडात मिठाची गुळणी.

गिऱ्हाईक शोधायची तिची रीत न्यारी. आधी आपणच गिऱ्हाईक बनून दुकानात शिरायचं आणि हळूच विषय काढायचा. एका महिन्यात तिनं तीन ठिकाणी केस कापून घेतले. चौथ्या ठिकाणी कापायला काही उरलंच नव्हतं. दातांच्या डॉक्टरकडे गेली, तर त्यांनी सुरुवातीलाच तोंड उघडायला लावलं ते शेवटपर्यंत मिटू दिलं नाही. अशानं काय डोंबल बोलणार?

मग एक तारखेला माझ्या भावाचा फोन आला. "तिचे साहेब अजून खुर्ची रिकामी ठेवून आहेत. महिनाअखेर एक तरी कायमचं गिऱ्हाईक दाखव म्हणावं, नाहीतर मुकाट्यानं परत रुजू हो." हिनंही शब्द देऊन टाकला. मला ती जायला नको होती. माझे यजमान गेल्यापासून या घरात माझ्याशी भांडायला कोणी नव्हतं, आणि ही सकाळी चहापासून सुरुवात करायची.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बूट दुरुस्त करणाऱ्या काकांचं दुकान आहे. हात सोन्याचा, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. दाराशेजारी एक फळा कायमचा ठोकलेला, त्यावर 'बूट-चपला दुरुस्त करून मिळतील' एवढंच. खटपट त्यांना भेटली, तर मान वर न करता ते म्हणाले, "माझं काम बोलतं. मला बोलायची गरज नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला उठवलं. हातात खडू होता. "आत्या, तू कोपऱ्यावर उभी राहा. कोणी आलं तर खोक." या वयात मी चोराची साथीदार झाले, आणि खरं सांगते, फार मजा आली. तिनं पायरीवर चढून फळा पुसला आणि लिहिलं: 'चावणाऱ्या चपलांना इथे वळण लावून मिळेल.'

मग रोजच सुरू झालं. 'तुमच्या आधी तुमची टाच बोलते? तिला गप्प करतो.' 'तुमचे बूट तुमच्याबद्दल काय सांगतात, ते आम्ही बाहेर सांगत नाही.' येणारेजाणारे थांबून वाचायचे, हसायचे आणि आपल्या पायांकडे बघायचे. दोन आठवड्यांत दुकानात ही गर्दी! काका कपाळाला आठ्या घालून फळा वाचायचे, पण पुसत नव्हते.

तेव्हा खटपट नवी साडी नेसून पुन्हा गेली. फळ्याचा काय उपयोग असतो, हे अर्धा तास समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "खरंय पोरी. पण कोणीतरी ते फुकट करतंय की! तुला कशाला ठेवू?"

मी डोक्याला हात लावला. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता बयेनं. तिनं लिहिणं थांबवलं. काकांनी स्वतः प्रयत्न केला. 'आज दुकान उघडे आहे.' ते उघडंच होतं, सगळ्यांना दिसत होतं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. तिनं ऑफिसचे काळे बूट काढले, तर एकाची टाच निखळलेली. आम्ही दोघी ते घेऊन काकांकडे गेलो. वाटेत ती माझ्याशी एकदाही भांडली नाही.

काकांनी बूट उलटा करून पाहिला. "हे कशाला?"

"उद्यापासून ऑफिसला जायचंय."

"मग फळा कोण लिहिणार?"

"म्हणजे?" खटपटनं विचारलं. काका म्हणाले, "रोज सकाळी माझ्या पायरीवर खडूच्या भुकटीत ठसे असायचे. उजवी टाच बाहेरून झिजलेली. ती मीच बसवलेली आहे, ओळखणार नाही? आणि बाई, कोपऱ्यावरच्या मातीत अंगठ्याशी शिवण घातलेली चप्पल तुमची."

मी पाय मागे घेतले.

"ठाऊक होतं, तर बोलला का नाहीत?" खटपट उसळली. "मी काम मागायला आले होते की!"

"मागायला कुठे? तू शिकवायला आली होतीस. अर्धा तास बोललीस, आकडा नाही सांगितलास. मी आजवर एक खिळा फुकट ठोकलेला नाही. आता सांग, महिन्याचे किती?"

पुन्हा मिठाची गुळणी! मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं डोळे मिटून आकडा सांगितला. काकांनी "ठरलं" म्हणून मान डोलावली, तिथल्या तिथे टाच बसवली आणि बूट तिच्या हातात ठेवून तिच्याकडून टाचेचे पुरते पैसे घेतले.

घरी येऊन तिनं वडिलांना फोन केला आणि बूट माळ्यावर टाकले. मग मला म्हणाली, "आत्या, उद्यापासून पहाऱ्याला यायला नको. राजरोस लिहिणार आता."

"येत नाही," मी म्हटलं. "पण दोन आठवडे मी जे खोकले, त्याचे किती?"